पंधरापर्यंत सगळं ठीक होतं

‘गट म्हणजे बचत गट का गं?’ सासूबाईंनी विचारलं. 2010 सालची गोष्ट. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कागद पसरून बसले होते, आणि ‘पीएच.डी. कशात करतेस’ या त्यांच्या प्रश्नाला ‘गटांवर’ असं शुद्ध मराठीत उत्तर देऊन फसले होते. समजावून सांगण्याचं त्राण नव्हतं, म्हणून नुसती मान हलवली.

‘किती जणी आहेत?’

‘सध्या सोळा.’

‘मग बरा चालत असेल.’

चालत नव्हता. सोळा घटकांच्या दोन गटांनी माझं आठ महिन्यांचं काम नुकतंच पाण्यात घातलं होतं.

वर्गात आम्ही ‘ग्रूप’ आणि ‘ग्राफ’च म्हणतो. ‘गट’ म्हटलं की एकतर सासूबाईंसारखं होतं, नाहीतर मुलांना पंचायतीतला विरोधी गट आठवतो. ‘आलेख’ म्हटलं की पोरं पट्टी काढून एक्स आणि वाय अक्ष आखायला बसतात. इथला ग्राफ म्हणजे फक्त ठिपके आणि त्यांतल्या काहींना जोडणाऱ्या रेघा. रेघ लांब की आखूड, सरळ की वाकडी, याला काही अर्थ नाही. कोण कोणाशी जोडलंय एवढंच बघायचं. आणि ग्रूप म्हणजे, शिकवण्यापुरतं सांगायचं तर, हालचालींचं एक कुटुंब. दोन हालचाली एकामागून एक केल्या तरी कुटुंबाबाहेर जायचं नाही, केलेली हालचाल उलटवता आली पाहिजे, आणि काहीच न करणं हीसुद्धा एक हालचाल धरायची. तिला अविकारक म्हणतात.

मी यासाठी चौरंग आणि सतरंजी वापरते. चौरंग पाव फेरा फिरवला तरी जागेवर तसाच बसतो. म्हणून त्याच्या चार हालचाली: काहीच नाही, पाव फेरा, अर्धा, पाऊण. दोन्ही अंगांनी सारख्या दिसणाऱ्या लांबट सतरंजीच्याही चारच: काहीच नाही, लांबीच्या बाजूनं उलटणं, रुंदीच्या बाजूनं उलटणं, आणि न उलटता अर्धा फेरा. आता प्रत्येक हालचालीसाठी एक ठिपका काढा. एक हालचाल पुन्हा पुन्हा करत राहिल्यानं दुसरी मिळत असेल तर त्या दोघींमध्ये रेघ. चौरंगाच्या पाव फेऱ्यातून सगळं मिळतं, पाऊण फेऱ्यातूनही मिळतं, अर्धा दोनदा केला की अविकारक. चारही ठिपके एकमेकांना जोडले जातात, सहाच्या सहा रेघा. सतरंजीची कुठलीही हालचाल दोनदा केली की सतरंजी होती तशी. म्हणून तिन्ही हालचाली मधल्या अविकारकाला तेवढ्या जोडलेल्या, आपसात कोणी कोणाला नाही. चौकटीच्या आत फुली असं एक चित्र, आणि तीन काड्यांचं दुसरं. दोन्हीकडे ठिपके चारच, पण चित्रं वेगळी. याला पॉवर ग्राफ म्हणतात.

केलारेव्ह आणि क्विन यांनी 2000 साली बाणांसहित हा ग्राफ मांडला होता. कोण कोणातून निघतं हे बाण दाखवत. बाण काढून टाकून साध्या रेघांचा ग्राफ कोलकात्याच्या चक्रवर्ती, घोष आणि सेन यांनी 2009 च्या निबंधात अभ्यासला. त्या निबंधाची झेरॉक्स माझ्या गाईडनी माझ्या हातात ठेवली तेव्हा मी तालुक्याच्या कॉलेजात बारा वर्षं शिकवत होते. पीएच.डी. नसल्यानं पुढचं सगळं अडलेलं होतं. दर शनिवारी दुपारी एसटीनं गाईडकडे जायचं, रविवारी रात्री परत. निबंध पहिल्यांदा वाचला तो एसटीतच, खिडकीच्या खडखडाटात, आणि दोन गोष्टी तिथल्या तिथे कळल्या. एक, सगळे ठिपके सगळ्यांना जोडलेले असतील तर तो ग्रूप चक्रीय असतो, आणि त्याच्या घटकांची संख्या एखाद्या मूळ संख्येचा घात असते (एकट्या अविकारकाचा ग्रूप सोडून देऊ). दुसरं, प्रत्येक घटक किती वेळा केल्यावर अविकारकाला पोचतो हे माहीत असेल तर रेघांची एकूण संख्या सूत्रानं काढता येते. चित्र काढायचीही गरज नाही. षटकोनी नटाच्या सहा फेऱ्यांचा ग्रूप घेऊन मी तिकिटाच्या मागे हिशेब केला. तेरा. मग चित्र काढून मोजल्या. तेराच. गणितात इतक्या लवकर बक्षीस क्वचित मिळतं, आणि ते धोक्याचं असतं हे तेव्हा कळलं नाही.

कारण त्या तेरावर मी एक दावा उभा केला: पॉवर ग्राफवरून ग्रूप ओळखता येतो. म्हणजे दोन ग्रूपचे ग्राफ सारखे निघाले तर ते ग्रूपही मुळात एकच असणार. चौरंग आणि सतरंजीनं तर हेच दाखवलं होतं.

हातानं तपासायला सुरुवात केली. एक ते पंधरा घटकांचे, नावं वेगळी पण आतून एकच असे वगळले तर, एकूण 28 ग्रूप आहेत. आठ घटकांचे पाच, बारा घटकांचे पाच, बाकी बहुतेक ठिकाणी एक किंवा दोन. 28 चित्रं मी एका जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर काढली. आठ घटकांचे पाच ग्रूप विशेष मनात भरले. त्यांत चौरंगाचाच एक आहे: फिरवण्यासोबत उलटायचीही परवानगी दिली की आठ हालचाली होतात. आणि दुसरा हॅमिल्टनच्या क्वाटर्नियनांचा. त्यानं ते 1843 मध्ये शोधले आणि सूत्र डब्लिनच्या एका पुलावर कोरलं, ही गोष्ट मुलांना फार आवडते. या दोन ग्रूपना वेगळं काढणं सोपं नाही. पण पॉवर ग्राफ त्यांना पटकन वेगळं काढतो. चौरंगाच्या चार उलटण्या चार सुट्या काड्यांसारख्या बाहेर लोंबतात. क्वाटर्नियनांत एकही लोंबती काडी नाही. मी खूश. 28 पैकी 28 चित्रं वेगळी.

सोळाला हात घातला नाही. एकट्या सोळा घटकांचेच 14 ग्रूप आहेत, म्हणजे आधीच्या सगळ्यांच्या निम्मे, आणि त्यांतल्या काहींची गुणाकाराची कोष्टकं हातानं लिहायची म्हणजे डोळ्यांना त्रास. त्यात परीक्षेच्या कामाचे दिवस. सिद्धताच करून टाकू, मग तपासायची गरजच काय, असं ठरवलं. ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत मी ती सिद्धता लिहीत होते. प्रत्येक शनिवारी गाईड एक भोक दाखवायचे, पुढच्या शनिवारी मी ते बुजवून न्यायची. एकदा त्यांनी शांतपणे विचारलं, ‘सोळा बघितलंत का?’ मी म्हटलं, ‘बघते सर.’ आणि बघितलं नाही. हे लिहितानाही थोडं ओशाळायला होतं.

शेवटी मे महिन्यात कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये गॅप बसवलं. ग्रूपचं गणित करण्यासाठीच बनवलेली ही प्रणाली, 1986 मध्ये जर्मनीतल्या आखेनमध्ये सुरू झालेली, आणि फुकट. तिच्यात लहान ग्रूपचं एक ग्रंथालय आहे, प्रत्येकाला दोन आकडे: घटक किती, आणि त्यांतला कितवा. सोळाचे चौदाही ग्रूप मागवले, चौदा पॉवर ग्राफ बनवले, एकमेकांशी ताडून बघायला सांगितले. लाइट जायच्या आत उत्तर आलं. पाचवा आणि सहावा सारखे. दहावा आणि तेरावाही सारखे.

पाचवा आणि सहावा कागदावर उतरवून मी बराच वेळ बघत बसले. दोन्हींत 57 रेघा, दोन्हींत आठ-आठ फेऱ्यांची दोन वर्तुळं आतल्या चार ठिपक्यांवर एकमेकांत अडकलेली, बाकी मांडणीही तीच. पण पाचव्या ग्रूपमध्ये कुठल्याही दोन हालचाली कुठल्याही क्रमानं केल्या तरी परिणाम एकच. सहाव्यात क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. ग्रूपबद्दल पहिला प्रश्न जो विचारतात तोच, ‘क्रम चालतो का’, आणि माझ्या ग्राफला त्याचं उत्तर माहीत नव्हतं.

का माहीत नव्हतं, हे कळायला मात्र एक मिनिट पुरलं, आणि त्या मिनिटात आठ महिन्यांपेक्षा जास्त शिकले. पॉवर ग्राफ प्रत्येक घटकाला एकट्यालाच विचारतो: तू स्वतःच स्वतःला पुन्हा पुन्हा केलंस तर कुठे कुठे जातोस? दोन वेगळे घटक एकमेकांना भेटले की काय होतं, याची नोंद तो घेतच नाही. सतरंजीच्या चित्रात दोन उलटण्या मिळून तिसरी होते, हे कुठे दिसतं? नाहीच दिसत. चार घटकांत फसायला वाव नाही, म्हणून मला ते जाणवलं नव्हतं इतकंच.

शनिवारी गाईडना सांगितलं. ते म्हणाले, ‘चला, आता कामाला सुरुवात झाली.’ मला तेव्हा राग आला होता.

पुढच्या वर्षी, 2011 मध्ये, पीटर कॅमेरॉन आणि शमिक घोष यांचा निबंध आला. ज्या ग्रूपमध्ये क्रम कसाही चालतो त्यांच्यापुरता माझा दावा खरा होता. त्यांनी तो नीट सिद्ध केला होता, माझ्यापेक्षा कितीतरी कमी जागेत. कॅमेरॉन यांनी आणखीही दाखवलं होतं की दोन ग्रूपचे पॉवर ग्राफ सारखे असतील तर पुसलेले बाणही सारखेच असतात, म्हणजे बाण पुसल्यानं खरं तर काही हरवत नाही. पण मी थबकले ती 2011 च्या निबंधातल्या एका वेगळ्याच निष्कर्षापाशी. ग्राफची ठेवण न मोडता ठिपक्यांची अदलाबदल करण्याच्या जितक्या रीती असतात, त्यांतल्या बऱ्याचशा ग्रूपच्या दृष्टीनं खोट्या असतात. ग्राफ नको तितकी मोकळीक देतो. ही मोकळीक ग्रूपच्या स्वतःच्या मोकळिकीइतकीच भरेल असा, एकट्या अविकारकाचा क्षुल्लक ग्रूप सोडला, तर सांत ग्रूपांत एकच आहे. चार घटकांचा. सतरंजीचा! मी सहज उचललेलं उदाहरण जगातलं एकमेव निघालं होतं. चौरंगावर सुरुवात केली असती तर कदाचित आठ महिने वाचले असते.

मग मी कम्यूटिंग ग्राफकडे वळले. इथे नियम वेगळा: दोन हालचाली कुठल्याही क्रमानं चालत असतील तर रेघ. म्हणजे पॉवर ग्राफनं जे विसरलं तेच हा लक्षात ठेवतो, आणि जे त्याला आठवत होतं ते हा विसरतो. आठ हालचालींचा चौरंग आणि क्वाटर्नियन यांचे कम्यूटिंग ग्राफ अगदी सारखे. सगळ्यांशी पटणारे दोन घटक बाजूला ठेवून, न पटणाऱ्यांना रेघांनी जोडलं तर दोन्हीकडे सहा ठिपक्यांचा अष्टफलक उभा राहतो, दोन पिरॅमिड तळाला तळ लावून ठेवल्यासारखा. वर्गात मुलांना मी 64 जोड्यांचं कोष्टक भरायला लावते. दोन्हीकडे चाळीस जोड्या पटणाऱ्या निघतात. मग सांगते की 1973 मध्ये गुस्ताफसन यांनी छापलंय: ज्या सांत ग्रूपमध्ये एक जरी जोडी भांडत असेल, तिथे पटणाऱ्या जोड्या आठात पाचांहून जास्त असूच शकत नाहीत. एकतर सगळ्यांचं सगळ्यांशी पटतं, नाहीतर किमान तीन अष्टमांश भांडणं. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा आमचे इतिहासाचे सर म्हणाले, ‘आपल्याकडे प्रमाण याहून बरंच वाईट आहे.’

कम्यूटिंग ग्राफला वजन आहे ते जुन्या घराण्यामुळे. ब्राउअर आणि फाउलर यांनी 1955 च्या निबंधात ग्रूपमधल्या घटकांमधली अंतरं अशाच तऱ्हेनं मोजली, आणि त्या कामानं सांत साध्या ग्रूपांच्या वर्गीकरणाची वाट उघडली. माझं काम त्या मानानं किरकोळ, पण प्रश्न तोच: सगळ्यांशी पटणारे घटक वगळले, तर एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत जास्तीत जास्त किती रेघा ओलांडाव्या लागतात? इराणमधल्या दोन गणितज्ञांनी 2008 मध्ये अंदाज मांडला होता की ग्राफ जोडलेला असेल तर या संख्येला एक ठरलेली कमाल मर्यादा असावी. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण काही खास ग्रूपांसाठी ती मर्यादा शोधत होतं. आणि 2013 मध्ये जुडिची आणि पार्कर यांनी अशी मर्यादा नाहीच हे दाखवलं. कशाच्या जोरावर? ज्यांची घटकसंख्या दोनाचा घात आहे अशा ग्रूपांच्या. पुन्हा तेच! दुसरीकडे मॉर्गन आणि पार्कर यांनी दाखवलं की सगळ्यांशी पटणारा घटक फक्त अविकारकच असेल तर ग्राफच्या प्रत्येक जोडलेल्या तुकड्यात हे अंतर दहाच्या वर जात नाही. माझे खास ग्रूप या दुसऱ्या बाजूला पडले, म्हणून प्रकरण वाचलं. माझ्या हुशारीचा त्यात भाग नव्हता.

दोनाच्या घातांबद्दल तेव्हापासून मला थोडी भीतीच बसली आहे. सोळाचे 14 ग्रूप, बत्तीसचे 51, चौसष्टचे 267, 128 चे 2,328. पुढे 512 घटकांचे 1,04,94,213. आणि 1024 चे 49,48,73,65,422 म्हणून सगळे सांगत होते. 2000 घटकांपर्यंतच्या सगळ्या ग्रूपांत नव्याण्णव टक्क्यांहून जास्त एकट्या 1024 चे. हा आकडा वीस वर्षं पुस्तकांत आणि भाषणांत फिरत होता. मीही फळ्यावर लिहीत होते. मग बरेल नावाच्या अभ्यासकानं पुन्हा हिशेब केला आणि खरा आकडा 1,867 नी जास्त निघाला. बातमी वाचून मला आनंद झाला, असं म्हणणं बरं दिसणार नाही, पण झाला.

एक कबुलीही द्यायला हवी. या विषयात सोपं काम करण्याची फार सोय आहे. एखाद्या ग्रूपवर एखादा नवा नियम लावा, ग्राफला नाव द्या, ठिपके रंगवायला किमान किती रंग लागतात ते काढा, एखाददुसरी आयगेनव्हॅल्यू काढा, आणि ते सगळं नियमित बहुभुजाकृतींच्या ग्रूपांसाठी करून दाखवा. पेपर तयार. मी असे दोन छापले आहेत. प्रमोशनसाठी गुण हवे होते. त्यांत चूक एकही नाही आणि कुणाच्या उपयोगाचंही काही नाही. ते पेपर लिहिताना ग्राफ मला ग्रूपबद्दल काहीच सांगत नव्हता. ग्रूपच ग्राफला पोसत होता.

2021 च्या लॉकडाउनमध्ये कोचीन विद्यापीठानं ग्रूप आणि ग्राफ या विषयावर ऑनलाइन चर्चासत्रांची मालिका चालवली. कॅमेरॉन त्यात बोलायचे. नेट फक्त गच्चीवर यायचं, म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत मोबाइल धरून बसायची. ते या सगळ्या ग्राफांची एक शिडी करून मांडत होते. खालच्या पायरीवर पॉवर ग्राफ, वर कम्यूटिंग ग्राफ, प्रत्येक पायरीवर रेघा वाढत जाणाऱ्या. मधली एक पायरी मला फार आवडली. षटकोनी नटाचा एक तृतीयांश फेरा आणि अर्धा फेरा घ्या. एकातून दुसरा मिळत नाही, म्हणून पॉवर ग्राफमध्ये रेघ नाही. पण दोघेही एक षष्ठांश फेऱ्यातून निघतात. एका घरातले चुलत भाऊ म्हणा. मधल्या पायरीवर अशा दोघांमध्येही रेघ असते. आणि प्रश्न असा विचारायचा: कुठल्या ग्रूपसाठी दोन लागोपाठच्या पायऱ्या एकच होतात? खालची आणि मधली एक झाली, तर प्रत्येक घटकाची आवर्तनं एखाद्या मूळ संख्येच्या घाताइतकीच असतात. शिडी कुठे दबलेली आहे त्यावरून ग्रूपची हाडं कळतात. माझे दोन निरुपयोगी पेपर या प्रश्नासमोर मला फारच केविलवाणे वाटले, पण निदान त्यांत काय कमी होतं ते कळलं. ग्राफ काढला होता, तो दुसऱ्या कशाशी ताडून बघितला नव्हता.

सासूबाई त्या आधीच गेल्या. बचत गटाचा गैरसमज मी शेवटपर्यंत दूर केला नाही. त्या शेजारणींना सांगायच्या की सुनेचा गट पुण्या-मुंबईपर्यंत पोचलाय.

गेल्या वर्षी एम.एस्सी.च्या एका मुलीला प्रकल्पासाठी 27 घटकांचे ग्रूप दिले. पाचच आहेत. आठवड्यानं ती एक मोठा कार्डशीट घेऊन आली. मधोमध एक ठिपका, आणि त्याला टोक लावून भोवती तेरा त्रिकोण, प्रत्येक वेगळ्या रंगात. आमच्या शिपाईमामांना ती रांगोळी वाटली. दिवाळीला दारात काढायला त्यांनी तिचा फोटोही घेतला. हालचाल तीनदा केली की अविकारक, असे 26 घटक दोन-दोनच्या जोडीनं तेरा त्रिकोणांत बसले होते. चित्र अगदी बरोबर होतं.

‘मॅडम, खाली कुठल्या ग्रूपचं नाव लिहू?’ ती म्हणाली. ‘मला दोघांचं हेच आलं. तीन-तीनच्या चक्रांच्या गुणाकाराचं, आणि हायझेनबर्ग ग्रूपचं. कुठं चुकलं ते सापडत नाहीये. रात्रभर शोधत होते.’

मी कपाटातून जुना हजेरीपट काढला. 28 चित्रांनंतरचं पान तिला दाखवलं. तिथे पेन्सिलीनं ‘16’ एवढंच लिहिलेलं आहे. ती थोडा वेळ त्या पानाकडे बघत राहिली, मग तिनं स्केचपेन उघडलं आणि चित्राखाली दोन्ही नावं लिहिली, मध्ये ‘किंवा’ घालून.